बेरीज कुठं मांडायची?

दसरा झाला की लातूरच्या मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नसते. सोयाबीनच्या थप्प्या, हमालांची हाळी, काट्यावर चढणारे-उतरणारे कट्टे, आणि अंघोळ केली तरी कानामागे उरणारा तो पिवळसर धुरळा. अशा ऐन गर्दीत एका आडत दुकानाच्या गादीवर मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मालाचा हिशोब लिहून देतात त्या चिठ्ठीचं, सॉफ्टवेअर करायचं होतं. मालकांनी हात जोडले आणि मुनीमजींकडे बोट दाखवलं, "त्यांना इचारा, सगळं त्यांच्या डोक्यात हाय." मी क्यूटी डिझायनर, म्हणजे क्यूटीत प्रोग्रॅमच्या खिडक्या रचायचं साधन, उघडला, डावीकडच्या खोक्यातून टेबल, म्हणजे रकान्यांचा तक्ता, उचलून कोऱ्या खिडकीवर सोडला आणि विचारत विचारत रकाने पाडले. शेतकरी, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, रक्कम, हमाली, तोलाई, उचल, निव्वळ. मुनीमजी हातातली पट्टी न थांबवता चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "रकाने बराबर हायेत. पर ह्याच्यात बेरीज कुठं मांडायची?"

मी म्हणालो, "बेरीज खाली वेगळ्या चौकटीत दिसेल, मुनीमजी."

"येगळ्या कशाला? कट्ट्याची कट्ट्याखाली, वजनाची वजनाखाली. रकाना तिथं त्याची बेरीज." एवढं बोलून ते पुढच्या पट्टीकडे वळले. समोर एक शेतकरी पिशवी मांडीवर घेऊन वाट बघत होता, आणि साहजिकच माझ्यापेक्षा त्याची घाई मोठी होती.

प्रश्न साधा होता, तरी पुढे कितीतरी दिवस तो डोक्यात घोळत राहिला. टेबलाला डोकं आयतं मिळतं. क्यूटीच्या टेबलाला तर दोन मिळतात, एक वर रकान्यांच्या नावांचं आणि एक डाव्या कडेला ओळींच्या क्रमांकांचं. ती ओढून रुंद करता येतात, त्यांच्यावर टिचकी मारली की ओळी क्रमाने लागतात, हवं असेल तर लपवताही येतात. पायथा मात्र नाही. मी आठवून पाहिलं तर प्रोग्रॅमिंगच्या दुसऱ्या साधनांतही तेच: जावाच्या जेटेबलला नाही, डॉटनेटच्या डेटाग्रिडव्ह्यूला नाही, डेल्फीच्या जुन्या डीबीग्रिडला नव्हता. जगभरच्या शहाण्या माणसांनी टेबलं बनवली आणि बेरजेची जागा कुणालाच सुचली नाही, असं कसं? वेबवर मात्र सुचली होती. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९७ मधल्या चौथ्या आवृत्तीत तक्त्याला डोकं, धड आणि पाय असे तिन्ही भाग दिले गेले. गंमत म्हणजे त्या नियमाप्रमाणे पाय धडाच्या आधी लिहावा लागे, म्हणजे मधल्या ओळी यायच्या आत पायथ्याची जागा ठरलेली असे. पुढे पाचव्या आवृत्तीत हा आग्रह सुटला. मला तो आग्रह आवडायचा. बेरजेला आधी जागा, मग बाकीच्यांना.

माझं मत असं झालं आहे की हे टेबल बघण्यासाठी घडवलेलं आहे. बँकेतला साहेब, ग्रंथालयातला कारकून, गोदामाचा व्यवस्थापक, यांना त्यातून एक ओळ शोधायची असते आणि ती सापडली की काम संपतं. आडत दुकानात तक्त्याचं काम तिथून सुरू होतं. शेवटच्या ओळीखालचा आकडा जुळला नाही तर मुनीम घरी जात नाही. आणि पडद्यावर ओढून-सोडून खिडक्या रचायचं जे साधन आपण वापरतो, त्यात टेबल नेहमी रिकामं दिसतं. रिकाम्या टेबलाकडे बघून बेरीज आठवत नाही, ती भरलेल्या पानाकडे बघूनच आठवते. मुनीमजींना माझ्या रिकाम्या चौकटीतही भरलेलं पानच दिसत होतं.

हे ओढून-सोडून रचणं आता इतकं अंगवळणी पडलंय की ते कुणीतरी शोधून काढलं असेल असंही वाटत नाही. ऐंशीच्या दशकात ज्याँ-मारी हुलो नावाच्या फ्रेंच माणसाने ते लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करून दाखवलं, तो स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीत गेला, आणि १९८८ मध्ये इंटरफेस बिल्डर नावाचं हे साधन लोकांसमोर आलं. आमच्यापर्यंत ही कल्पना पोचली ती व्हिज्युअल बेसिकच्या वाटेने. नांदेडच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. चपला बाहेर, निळे पडदे कायम ओढलेले, आणि बाहेर मे महिना पेटलेला असताना आत हुडहुडी. आम्ही बरेच जण थंड हवेसाठीच लवकर जायचो हे सरांनाही ठाऊक होतं. व्हीबी ६, म्हणजे व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत, एमएसफ्लेक्सग्रिड नावाचं टेबल होतं. देखणं, पण त्यात लिहिता यायचं नाही, नुसतं दाखवता यायचं. मग प्रत्येक पोरगं एकच युक्ती करायचं. एक टेक्स्टबॉक्स, म्हणजे मजकूर लिहायची चौकट, घ्यायचा, टेबलातल्या ज्या घरात लिहायचं त्या घरावर बरोब्बर तेवढ्याच मापाने आणून ठेवायचा, लिहून झालं की मजकूर घरात टाकायचा आणि टेक्स्टबॉक्स लपवायचा. ही युक्ती कुणी शोधली ठाऊक नाही. एका बेंचवरून दुसऱ्या बेंचवर ती सरकत यायची. पुढे क्यूटी शिकलो तेव्हा कळलं की आतून तिथेही तेच चालतं. घरावर दोनदा टिचकी मारली की डेलिगेट नावाचा प्रोग्रॅमचा भाग त्या घराच्या मापाचा एडिटर, म्हणजे लिहायची चौकट, तयार करून वर आणून ठेवतो. आम्ही ज्याला जुगाड म्हणत होतो त्याला तिकडे रीतसर नाव होतं, एवढाच फरक.

मुनीमजींकडे पुन्हा गेलो ते हंगाम ओसरल्यावर. दुकानात शांतता होती, गंजगोलाईकडून आणलेला चहा होता, आणि त्यांना बोलायला वेळ होता. माळ्यावरून त्यांनी एक कोरी वही काढली, लाल कापडाच्या बांधणीची, पाडव्याला पूजेत मांडतात तसली. आतली पानं साफ कोरी, एकही रेघ नाही. मी विचारलं, रकाने कुठे आहेत? त्यांनी उत्तर दिलं नाही. एक पान घेतलं, मधोमध दुमडलं, अंगठ्याचं नख दाबून कडेने फिरवलं. पुन्हा दुमडलं, पुन्हा नख. तिसऱ्यांदा दुमडलं. मग उलगडून माझ्यापुढे धरलं. पानावर आठ सळ, म्हणजे घड्यांमधले रकाने, पडले होते. मधल्या घडीच्या डावीकडे चार, उजवीकडे चार. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. प्रत्येक बाजूचा पहिला सळ रकमेचा, उरलेल्या तिघांत तपशील. उजेडाकडे तिरपं धरलं की घड्या स्पष्ट दिसत होत्या, सरळ धरलं की जवळजवळ नाहीशा होत होत्या.

"आता ह्याच्यात तुरीचं लिवा न्हाईतर गुळाचं," मुनीमजी म्हणाले, "वहीला काय पडलंय?"

वही बांधणारा सगळ्यांना एकसारखी कोरी वही देतो. सळ दुकानात पडतात. काय लिहायचं ते दुकान ठरवतं. पण डावं-उजवं आणि रकमेचा सळ यांत कुणी ढवळाढवळ करत नाही, म्हणून एका पेढीचा मुनीम दुसऱ्या पेढीवर गेला तरी पहिल्याच दिवशी वही वाचू शकतो. पुन्हा पुन्हा वापरता येईल असं टेबल म्हणजे काय, याचं याहून नेमकं उत्तर मला कुठल्या सॉफ्टवेअरच्या पुस्तकात मिळालेलं नाही. किती गोष्टी बदलता येतात यापेक्षा काय बदलता येत नाही यावर ते उभं असतं.

तर मी पायथा बांधायला घेतला. क्यूटीत त्याचा सरळ मार्ग असा की एका टेबलाखाली दुसरं, एकाच ओळीचं टेबल चिकटवायचं. खालच्याचं डोकं लपवायचं, आणि वरच्याचा रकाना कुणी ओढून रुंद केला की जो सिग्नल, म्हणजे प्रोग्रॅममधली सूचना, निघतो तो पकडून खालचाही तेवढाच रुंद करायचा. रकान्यांची जागा बदलली तरी तसंच. आडवं सरकवलं तर दोघांनी एकत्र सरकायचं. हे सगळं बसल्यावर एक कुरबुर उरते. ओळी वाढल्या की वरच्या टेबलाला उजव्या कडेला उभी सरकपट्टी येते, तेवढी त्याची जागा कमी होते, आणि शेवटचा रकाना खालच्याशी पंधरा-वीस पिक्सेलनी फटकून बसतो. निव्वळ रकमेखाली निव्वळ बेरीज नाही, थोडी बाजूला! दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानात आलं नसतं. मुनीमजींच्या पहिल्याच नजरेत आलं असतं. म्हणून वरची सरकपट्टी कायम दिसती ठेवली आणि खालच्या टेबलाला उजवीकडे कायम तेवढी जागा राखून ठेवली.

यापुढचा भाग जास्त रंगला. पायथा तयार आहे, पण त्यात लिहायचं काय? बेरीज, असं कुणीही म्हणेल. तेवढ्यात रेणापूरकडच्या एका दूध संकलन केंद्राने हेच टेबल मागितलं. तिथे रकाने लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम. लिटरची बेरीज ठीक, रकमेची ठीक. फॅटची बेरीज म्हणजे काहीच नाही. बरं, सरासरी म्हणावी तर तीही साधी चालत नाही. एकाचं दूध १० लिटर ४.५ फॅटचं आणि दुसऱ्याचं ४० लिटर ३.५ चं असेल, तर साधी सरासरी ४.० येते, पण दोन्ही दुधं एकत्र ओतल्यावर फॅट लागते ३.७. डेअरी पैसे देणार ते ३.७ चे. म्हणजे फॅटला लिटरचा भार हवा. मग उलट ध्यानात आलं की आडतीतला भावही तसाच आहे. आजचा सरासरी भाव काय, हे सांगताना एक क्विंटलवाला आणि साठ क्विंटलवाला यांना सारखं धरून भागत नाही. वजनाचा भार लावूनच तो काढायचा.

तिसरं गिऱ्हाईक ग्रामपंचायतीच्या टँकरच्या नोंदींचं होतं. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी इकडे काढला त्यांना ही नोंदवही वेगळी समजावून सांगायला नको. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. स्टेशनवर माणसं पाणी बघायला जमली होती, आणि आम्ही घरी वापरलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घालत होतो. टँकरच्या वहीत तारीख, गाडी नंबर, वेळ, लिटर, सही. इथे पायथ्याशी हव्या होत्या खेपा, म्हणजे ओळींची मोजणी, आणि लिटरची बेरीज. गाडी नंबराखाली काहीच नको. हे उघड वाटतं, पण आकडे दिसले की बेरीज करायची असा सरधोपट नियम लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी शेतकऱ्यांच्या मोबाईल नंबरांची बेरीज झालेली पाहिली आहे. आकडा भलताच भारदस्त दिसत होता.

मुनीमजींना हे सांगितल्यावर ते हसले नाहीत. त्यांनी जुन्या काळाची गोष्ट काढली. निजामाच्या राज्यात इथे हाली सिक्का चाले आणि इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. दोन्ही रुपयेच, पण एका सळात मिसळले की हिशोब बुडाला. त्यांच्या आधीच्या मुनीमांनी त्यांना हे शिकवलं होतं, आणि हाली व्यवहारातून जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यात ते ताजं होतं. रकान्याखाली काय यायचं हे रकानाच ठरवतो, टेबल नाही, हे मला तिथे पक्कं झालं. त्यामुळे माझ्या टेबलाला प्रत्येक रकान्यासाठी एक नियम देता येतो: बेरीज, मोजणी, भारित सरासरी, किंवा काही नाही. न सांगितल्यास काही नाही.

मग प्रश्न आला हे टेबल डिझायनरमध्ये ठेवायचं कसं. सोपी वाट 'प्रमोट टू'ची. साधं टेबल ठेवायचं, त्यावर उजवी टिचकी मारून सांगायचं की चालू झाल्यावर याच्या जागी आमचं टेबल घे. फाईलमध्ये चार ओळी वाढतात, पाच मिनिटांचं काम. पण रचताना डोळ्यासमोर साधंच टेबल राहतं, पायथा कुठेच दिसत नाही, आणि आपले नियम उजवीकडच्या प्रॉपर्टीच्या, म्हणजे गुणधर्मांच्या, यादीत येत नाहीत. अवघड वाट प्लगइनची, म्हणजे डिझायनरलाच आपला वेगळा भाग जोडायची. त्यात आपलं टेबल डावीकडच्या खोक्यात इतरांच्या पंगतीला बसतं, खरं दिसतं, खऱ्या प्रॉपर्टीसकट. बदल्यात डोकेदुखी अशी की प्लगइन ज्या क्यूटीवर बांधलं ती आणि डिझायनरची आवृत्ती जुळली नाही तर ते खोक्यात येतच नाही, आणि का आलं नाही हे सांगायला डिझायनर आपणहून तोंड उघडत नाही. तरी मी दुसरीच वाट धरली. ज्या पोरांनी पुढे या टेबलावर खिडक्या रचायच्या त्यांना पायथा पहिल्या क्षणापासून दिसला पाहिजे. शिवाय डिझायनरमध्ये असताना टेबल स्वतःहून काही नमुन्याच्या ओळी दाखवतं. तिथे 'अबक' आणि '१२३' टाकायला मी नकार दिला. गावाच्या रकान्यात 'शिरूर अनंतपाळ' आहे, म्हणजे रकाना अरुंद असेल तर तिथल्या तिथे नाव तुटतं. कृ, दृ, ट्टू असली अक्षरंही आहेत, कारण इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठेवली की आमचे उकार आणि ऋकार खालून छाटले जातात आणि यादीतल्या निम्म्या माणसांची नावं पाय तुटल्यासारखी दिसतात.

एन्टरचं प्रकरणही सांगायला हवं. क्यूटीच्या टेबलात लिहून एन्टर दाबलं की लिहिलेलं पक्कं होतं आणि तुम्ही तिथेच राहता. पुढच्या घरात जायला टॅब लागतो. आता मुनीमजींचा उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला, आकड्यांवर. एन्टर करंगळीखाली आणि टॅब पार दुसऱ्या टोकाला, जिकडे त्यांचा डावा हात कधी जातच नाही. त्या हातात कट्ट्यांच्या चिठ्ठ्या असतात. डेलिगेटमध्ये एन्टरचा अर्थ 'पुढचं घर' असा बदलला. चार-सहा ओळींचा बदल. सगळ्या कामातला हाच तेवढा त्यांनी बोलून दाखवला: "आता हाताला लागतंय."

प्रॉपर्टींवरून मात्र आमच्यात खटके उडाले. माझ्याबरोबरच्या पोराला सगळंच उघडं ठेवायचं होतं. ओळींचे रंग, अक्षराचा आकार, पायथ्याची जाडी, रेघांची तऱ्हा. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक काय मागेल सांगता येत नाही. मला ती यादी बघूनच धाप लागायची. शेवटी चारच ठेवल्या. रकान्यांची नावं, त्यांचे नियम, भार कुठल्या रकान्याचा, आणि छापताना पानाच्या शेवटी 'बेरीज पुढे' व पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' यायचं की नाही. रंग दिला नाही. रंग दिला असता तर प्रत्येक दुकानाचं टेबल वेगळं दिसलं असतं आणि या मुनीमाला त्या पेढीवर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. लाखाचे स्वल्पविराम, आकडे उजवीकडे, पायथ्याच्या वर दुहेरी रेघ, हे विचारून ठरवायचं नाही. ते टेबलाबरोबरच येतं.

सध्या मानवतच्या एका जिनिंगवाल्याची मागणी आली आहे. त्यांना हेच टेबल हवंय, पण बेरीज वर, रकान्याच्या नावाला लागून. कापसाच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत येत राहतात, कार्यालयातला पडदा लहान, आणि मालक दारातूनच मान वळवून आकडा बघतात, तेव्हा त्यांची नजर वरच पडते. माझं म्हणणं, पायथा सरकत नाही, तो कायम दिसतो, मग वर कशाला? माझा जोडीदार म्हणतो, एक प्रॉपर्टी वाढली तर काय बिघडतं, एचटीएमएलवालेही बेरीज आधीच लिहीत होते की. हा मुद्दा त्याला मीच पुरवला होता. कापूस यायच्या आत ठरवायचंय, आणि तूर्त तो त्याच्या मशीनवर ते करून बसला आहे.